दोन फटक्यांमधलं चालणं

गोल्फमधलं मला काही कळत नाही. आमच्या ऑफिसात तो खेळणारे फक्त वरच्या मजल्यावरचे साहेब लोक. पण 'पीजीए टूर विरुद्ध मार्टिन' हा अमेरिकन सुप्रीम कोर्टाचा २००१चा निकाल मी एका रात्रीत वाचून काढला. प्रश्नच तसा आहे: गोल्फमध्ये चालणं हा खेळ आहे, की चेंडूपर्यंत पोचायची नुसती सोय?

केसी मार्टिनच्या उजव्या पायात जन्मापासून क्लिपेल-ट्रेनॉने सिंड्रोम. क्लिपेल आणि ट्रेनॉने या फ्रेंच डॉक्टरांनी १९०० साली तीन लक्षणं एकत्र मांडली: कातडीवर लालजांभळा डाग, फुगलेल्या शिरा आणि प्रमाणाबाहेर वाढलेला हात किंवा पाय. पुढे लंडनच्या पार्क्स वेबरनेही असे रुग्ण नोंदवले आणि पुस्तकांनी तिन्ही आडनावं जोडून एकच आजार केला. खरं तर वेबरच्या प्रकारात धमन्या थेट शिरांना जोडलेल्या असतात, रक्त वेगात धावतं. क्लिपेलच्या प्रकारात ते संथ असतं. दोन वेगळे बग एकाच तिकिटात कोंबले तर जे होतं, तेच झालं. गोंधळ कित्येक दशकं टिकला.

मार्टिनचा पाय मात्र सुकत गेला. रक्त हृदयाकडे नीट परतत नसे. चाललं की वेदना, गुठळ्यांची भीती, आणि नडगीचं हाड मोडलं तर पाय कापावा लागण्याचा धोका. तरी हा माणूस स्टॅनफर्डच्या टीममध्ये टायगर वुड्सबरोबर खेळला. व्यावसायिक खेळात गाडी वापरू देईनात, म्हणून त्याने १९९०च्या अपंगत्व कायद्याखाली दावा लावला.

अर्नोल्ड पामर, जॅक निकलस यांच्यासारख्या दिग्गजांनी चालण्याच्या बाजूने साक्ष दिली. उलट एका तज्ज्ञाने हिशेब मांडला: पाच मैल चालून सुमारे ५०० कॅलरी जळतात, म्हणजे एका बिग मॅकपेक्षा कमी! शिवाय गाडी घेऊनही मार्टिनला मैलभर चालावं लागायचंच. निकाल ७ विरुद्ध २, मार्टिनच्या बाजूने. खेळाचे सगळेच नियम मनमानी असतात, मग त्यातला महत्त्वाचा कोणता हे कोर्ट कसं ठरवणार, असं न्यायमूर्ती स्कालियांनी विरोधी मतात विचारलं. वाचायला तेच जास्त झकास आहे. पण त्या मैलभरात मार्टिनला जेवढा थकवा येई, तेवढा धडधाकट खेळाडूंना पाच मैलांतही येत नसे, हे स्कालियांच्या तर्कात कुठे बसत नाही.

या आजाराचं मूळ पुढे सापडलं. बऱ्याच रुग्णांत गर्भाच्या वाढीत एखाद्या पेशीतला पीआयके३सीए हा जीन बदलतो आणि तिच्यापासून बनलेल्या भागातच बिघाड राहतो. आईवडिलांकडून येत नाही. ग्रहणात आईने काय चिरलं, याचाही संबंध नाही.

मार्टिन पुढे ओरेगन विद्यापीठाच्या टीमचा कोच झाला. २०१६ साली ती टीम राष्ट्रीय विजेती ठरली. २०१९ मध्ये त्याच्या उजव्या पायाचं हाड मोडलं ते जुळलंच नाही. २०२१ मध्ये पाय कापावा लागला.