टाळाचा पहिला ठोका

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ला झाला. त्याआधी आम्ही परभणीत मोडायचो, तेव्हापासून कळमनुरीत माझा कॅसेटी भरून द्यायचा धंदा. नरसी ही नामदेव महाराजांची जन्मभूमी. तिथल्या सप्ताहातलं कीर्तन टिपायचं आणि भजनी मंडळांना त्याच्या कॉप्या द्यायच्या. गिऱ्हाइकांची तक्रार एकच, खरखर फार येते.

ती खरखर ध्वनिमुद्रणाइतकीच जुनी. १९०२ साली कलकत्त्यात ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्गनं गायिका गौहर जानचा आवाज टिपला तेव्हा माईक नव्हताच. कर्ण्यासमोर जोरात गायचं, त्या जोरावर सुई मेणात चर कोरायची. त्यातून जेमतेम २५० ते २५०० हर्ट्झचा आवाज उतरायचा. टाळाची चमक त्याच्या वर राहिली, पखवाजाचा घुमारा खाली. १९२५ पासून माईक आला, पट्टा रुंदावला, पण लाखेच्या तबकडीची खरखर गेली नाही.

१९६३ साली आलेल्या कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटरच सरकते, म्हणून मागं कायम सळसळ. तिच्यावर उपाय काढणारा रे डॉल्बी त्याच सुमारास युनेस्कोचा सल्लागार म्हणून भारतात होता. १९६५ साली त्यानं लंडनला कंपनी काढली. त्याची युक्ती मला आजही थोर वाटते: बारीक, उंच आवाज भरताना वाढवायचा आणि वाजवताना तेवढाच उतरवायचा. उतरवताना सळसळही सोबत खाली जाते.

आता मंडळातली पोरं मोबाइलवर शब्द टाकून एआयकडून भजन करून आणतात आणि म्हणतात, काका, साफ करून द्या. खरखर शोधावी तर नाहीच. दोष आवाजाच्या आत असतो. यंत्र आवाजाला आकड्यांत दाबून पुन्हा उभं करतं, त्यात ठोक्याची धार जाते. टाळ फेसासारखा पसरतो, 'स' शिट्टी मारतो, 'ळ' गुळगुळीत होतो. मी गळा, टाळ, पखवाज वेगळे काढतो. शिट्टीचा पट्टा दाबतो, ठोक्याची सुरुवात उचलतो, सगळ्यांना थोडा एकच घुमारा देतो. फरक पडतो, चांगलाच पडतो.

पण कॅसेटची सळसळ काढली की खाली खरं कीर्तन सापडायचं: पत्र्यावरचा पाऊस, विणेकऱ्याचा श्वास, मागच्या रांगेतला खोकला. इथं खाली मूळ असं काही नाहीच. मग बरोबर काय, ते मलाच ठरवावं लागतं, आणि मी ते नरसीत ऐकलेल्या टाळावरून ठरवतो. औंढा नागनाथला नामदेवांना देवळाच्या मागं जाऊन कीर्तन करायला लावलं, तेव्हा देऊळच त्यांच्याकडं फिरलं, असं आमच्याकडं सांगतात. गाणारा कुठं उभा आहे याला या मुलखात एवढी किंमत आहे.

म्हणून पोरांना सांगतो, यंत्राची पेटी राहू द्या, टाळकरी घेऊन या. दोन माईक लावतो, त्यांचा टाळ वरून भरतो, आणि यंत्राचा टाळ पुसून टाकतो.