१९५६ : हंगेरीतील साहित्यसंस्था आणि राज्यसंस्था

साहित्येतिहासात एखाद्या वर्षाला सीमारेषा मानणे जोखमीचे असते. तरीही कम्युनिस्ट हंगेरीच्या संदर्भात १९५६ हे वर्ष टाळता येत नाही. त्या वर्षी कोणती थोर साहित्यकृती निर्माण झाली, हा येथे प्रश्न नाही. राज्यसंस्थेने साहित्याला बहाल केलेली प्रतिष्ठा तिच्यावरच कशी उलटली, हा खरा प्रश्न आहे.

माट्याश राकोशी यांच्या राजवटीने लेखकांवर नियंत्रण ठेवले, तसा त्यांना मानमरातबही दिला. १८४८ च्या क्रांतीचा कवी शांदोर पेतॉफी याला तर तिने आपला पूर्वसूरी ठरविले. त्याच्या नावाचे ‘पेतॉफी मंडळ’ पक्षाच्याच युवक संघटनेच्या छत्राखाली चालत असे. फेब्रुवारी १९५६ मध्ये ख्रुश्चेव्ह यांनी स्तालिनवर टीका केल्यानंतर मंडळातील चर्चांचे स्वरूप पालटले. जूनमध्ये वृत्तपत्रांविषयी झालेल्या चर्चेस हजारो श्रोते लोटले; तेथील भाषणामुळे कादंबरीकार तिबोर देरी यांची पक्षातून हकालपट्टी झाली. २३ ऑक्टोबर रोजी बुडापेस्टमध्ये निदर्शक पेतॉफीच्या पुतळ्यापाशी जमले आणि तेथे त्याचीच कविता म्हटली गेली. राजवटीने गौरविलेला कवी आता राजवटीविरुद्ध साक्ष देत होता.

इम्रे नाज यांच्या मंत्रिमंडळात तत्त्वज्ञ ग्योर्ग लुकाच यांना संस्कृतिखाते मिळाले. १ नोव्हेंबरला नाज यांनी हंगेरीची तटस्थता जाहीर केली. ४ नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाडे राजधानीत शिरले. त्या सकाळी लेखक संघाने नभोवाणीवरून जगाला मदतीची हाक दिली. सुमारे २,५०० हंगेरियन मृत्युमुखी पडले. जवळजवळ २ लाख लोक परागंदा झाले. देरींना १९५७ मध्ये ९ वर्षांची, तर नाटककार ग्युला हाय यांना ६ वर्षांची शिक्षा झाली. नाज यांना १९५८ मध्ये फाशी देण्यात आले.

या इतिहासाशी भारताचाही संबंध आहे. मंत्री इश्तवान बिबो यांनी लिहिलेला तडजोडीचा मसुदा आर्पाद ग्योन्त्स यांनी भारतीय दूतावासापर्यंत पोचविला. मात्र ९ नोव्हेंबर रोजी संयुक्त राष्ट्रसंघात हंगेरीतील मुक्त निवडणुकांची मागणी करणाऱ्या ठरावाच्या विरोधात भारताने मत दिले होते. बिबो आणि ग्योन्त्स यांना १९५८ मध्ये जन्मठेप झाली. १९६३ च्या माफीने ते सुटले. ग्योन्त्स तुरुंगात इंग्रजी शिकले, अनुवादक म्हणून नावारूपास आले आणि १९९० मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले.

‘लेखक विरुद्ध सत्ता’ हे सुटसुटीत द्वंद्व येथे अपुरे पडते. देरी आणि हाय हे जुने कम्युनिस्ट होते. त्यांचा विरोध बांधिलकीच्या अभावातून नव्हे, तर बांधिलकीतूनच उद्भवला. म्हणूनच समाजवादी देशांतील साहित्याचा तौलनिक विचार करताना केवळ बंदी घातलेले ग्रंथ तपासणे पुरेसे नाही. राज्याने मान्यता दिलेले कवी, मंडळे आणि नियतकालिके यांतूनही प्रतिकाराची भाषा घडत होती, हे १९५६ चे हंगेरी दाखवून देते.