दमदार तरुणांनाही विरळ हवा का लागते?

हिमालयातल्या ट्रेकला निघण्याआधी अनेक जण विचारतात, "डॉक्टर, मी रोज पळतो, गडकिल्ले चढतो. मला विरळ हवेचा त्रास होणार नाही ना?" याचे उत्तर मिळवताना बरेच जीव गेले आहेत.

१८७८ साली फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनी मूळ कारण मांडले. उंचावरही हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्केच असतो, पण हवेचा दाब घटल्याने प्रत्येक श्वासातून तो कमी मिळतो. ५,५०० मीटरवर दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा उरतो.

१९१३ मध्ये चिलीतल्या खाणींवर काम केलेले डॉक्टर थॉमस रेव्हनहिल यांनी रेल्वेने झटपट वर आलेल्यांचे निरीक्षण लिहिले. बहुतेकांची डोकेदुखी आणि मळमळ काही दिवसांत ओसरे. काहींचा आजार मात्र छातीवर किंवा मेंदूवर जाऊन जीवघेणा ठरे. पुढे हे लिखाण विस्मरणात गेले. उंचावर धाप लागून तरुण दगावला, की न्यूमोनियावर बोट ठेवले जाई. १९६० मध्ये अमेरिकेतले डॉक्टर चार्ल्स ह्यूस्टन यांनी दाखवले, की हा जंतुसंसर्ग नसून फुफ्फुसात पाणी साचण्याचा प्रकार आहे.

१९६२ च्या चीन युद्धात आपले जवान घाईने उंच सीमेवर पाठवावे लागले. भारतीय लष्करातले डॉक्टर इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये अशा आजाराच्या १,९२५ जवानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे सगळे कसलेले जवान होते. तरी कुणाच्या फुफ्फुसात पाणी झाले, कुणाच्या मेंदूला सूज आली.

१९७६ साली पीटर हॅकेट आणि ड्रमंड रेनी यांनी एव्हरेस्टच्या वाटेवरील फेरिचे (४,२४३ मीटर) इथल्या २७८ ट्रेकरची पाहणी मांडली. निम्म्याहून अधिकांना त्रास झाला होता. विमानाने लुक्लाला उतरलेल्यांना तो पायी आलेल्यांपेक्षा जास्त होता.

म्हणजे दम चांगला असणे वेगळे आणि शरीर उंचीला सरावणे वेगळे. श्वास वाढतो, मूत्रपिंडे रक्तातला समतोल नव्याने राखतात. याला दिवस लागतात. त्रास साधारण २,५०० मीटरच्या वर सुरू होतो आणि आपले कळसूबाईच १,६४६ मीटर आहे. सह्याद्रीत पाय तयार होतात, उंचीचा सराव होत नाही.

म्हणून ट्रेक निवडताना दिवस मोजा. ३,००० मीटरच्या वर रोजचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून उंच नको; तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्या. लेहला विमानाने गेलात, तर पहिले दोन दिवस आरामच करा. ॲसिटाझोलामाइड डॉक्टरांना विचारूनच घ्या. डोके दुखून मळमळत असेल, तर आणखी वर चढू नका. बसल्या जागी धाप लागली, तोल जाऊ लागला किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर सकाळची वाट न पाहता त्या माणसाला सोबत घेऊन खाली उतरा.