दोन जाळी, एक वही : पश्चिम व दक्षिण वीजविभागांच्या सांधणीचा इतिहास



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ आपण येथे जमलो आहोत, ते आम्हांला इतिहास शिकवीत आणि शाळेचा जमाखर्चही पाहत. दोन वह्यांतील बेरजा जुळल्याखेरीज ते घरी जात नसत. विजेच्या इतिहासावर बोलण्याचे मी ठरविले, तेव्हा त्यांच्या त्या वह्याच मला आठवल्या.

आमचे गाव भालकी तालुक्यात, सीमेलगत. उन्हाळ्यात आम्ही माळवदावर झोपत असू. तेथून उदगीरकडील गावांचे दिवे दिसत. काही रात्री आमच्याकडे अंधार आणि तिकडे उजेड असे. काही रात्री नेमके उलट. मामाचे गाव पलीकडे असल्याने दोन्ही बाजूंचा अंधार मी अनुभवला होता. पलीकडची वीज अलीकडे का घेत नाहीत, असे मी एकदा गुरुजींना विचारले. ते म्हणाले, "उसने द्यायला कोणाची ना नसते रे, पण किती दिले ते दोघांच्याही वहीत सारखेच लिहिलेले असावे लागते." या वाक्याचा पूर्ण अर्थ कळायला मला बरीच वर्षे लागली.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले. जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद हा भाग गुलबर्ग्यासह म्हैसूर राज्यात आला. भाषा, सोयरीक आणि बाजार यांनी ही रेषा कधीच पुरती मानली नाही. विजेने मात्र ती मानली. १९४८ च्या वीजपुरवठा कायद्यानुसार प्रत्येक राज्याचे मंडळ स्वतंत्र होते. १९६४ मध्ये देशाचे पाच वीजविभाग करण्यात आले, तेव्हा महाराष्ट्र पश्चिम विभागात आणि म्हैसूर दक्षिण विभागात पडले. अशा रीतीने बीदर-गुलबर्ग्याची सीमा ही दोन विद्युत-जाळ्यांचीही सीमा ठरली.

ही सीमा केवळ कागदावरची नव्हती. एका जाळ्यातील सर्व जनित्रे एकाच लयीत फिरतात; आपल्या देशात ही लय सेकंदाला ५० आवर्तनांची. मागणी वाढून उत्पादन अपुरे पडले की लय मंदावते, मागणी घटली की ती वाढते. एका जुवाखालच्या बैलांची पावले जशी एकत्र पडावी लागतात, तसेच हे आहे. पश्चिम व दक्षिण विभागांची पावले वेगवेगळी पडत होती. अशा दोन जाळ्यांच्या तारा सरळ एकमेकींना जोडता येत नाहीत.

यावर पहिला मोठा उपाय चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथे झाला. १९९७-९८ मध्ये तेथे १००० मेगावॅट क्षमतेचे केंद्र उभे राहिले. एका बाजूची प्रत्यावर्ती वीज तेथे एकदिश करावयाची आणि लगेच दुसऱ्या बाजूच्या लयीत पुन्हा प्रत्यावर्ती करून सोडावयाची, अशी ही योजना. दोन तळ्यांमधील दरवाजासारखेच ते. पाणी हवे तेवढे सोडता येते, पण तळ्यांच्या पातळ्या वेगळ्याच राहतात.

मात्र दरवाजा किती उघडावयाचा हे कोण ठरविणार? येथे वहीचा प्रश्न आला. १ जुलै २००२ रोजी पश्चिम विभागात आणि १ जानेवारी २००३ रोजी दक्षिण विभागात उपलब्धतेवर आधारित वीजदराची पद्धत लागू झाली. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडण्यात आले. केंद्रीय वीजगृहाने आदल्या दिवशी आपली क्षमता कळवावयाची, राज्यांनी मागणी कळवावयाची आणि विभागीय भारप्रेषण केंद्राने प्रत्येक भागाचे वेळापत्रक ठरवावयाचे. सीमेवरील मीटर प्रत्यक्षात किती वीज गेली ते नोंदवीत. ठरल्यापेक्षा जास्त वा कमी घेतल्यास त्याचा हिशेब त्या वेळच्या लयीनुसार होई. लय मंद असताना जादा वीज उचलणाऱ्यास ती महाग पडे.

विभाग ओलांडून वीज विकावयाची तर मुंबईचे पश्चिम केंद्र आणि बंगळुरूचे दक्षिण केंद्र यांच्याकडे त्या ९६ भागांचे आकडे तंतोतंत एक असावे लागतात. एकाच्या नोंदीत शंभर आणि दुसऱ्याच्या नोंदीत नव्वद असतील, तर उरलेल्या दहांचे पैसे कोणी द्यावयाचे? २००३ च्या वीज कायद्याने खुला प्रवेश दिला आणि २००८ मध्ये वीज बाजार सुरू झाले, तेव्हा हे महत्त्व आणखी वाढले. मार्गिकेतून सुरक्षितपणे किती वीज जाऊ शकते, हा आकडा दोन्ही बाजूंची वीजगृहे, वाहिन्या व मागणी यांची माहिती एकत्र मांडूनच काढता येतो. माहिती अपुरी असेल तितकी सावधगिरीची राखीव जागा मोठी ठेवावी लागते. मार्गिका तोकडी पडली की बाजाराचे दोन तुकडे होत आणि दक्षिणेतील ग्राहकांना अनेकदा चढा भाव मोजावा लागे. त्या आकड्याची किंमत शेवटी कलबुर्गीच्या दुकानदाराच्या आणि बीदरच्या विद्यार्थ्याच्या दिव्यापर्यंत पोहोचते.

शेजाऱ्याची माहिती नसली की काय घडते, हे अमेरिकेने १४ ऑगस्ट २००३ रोजी पाहिले. तेथे मध्य-पश्चिमेकडील जाळ्यावर देखरेख करणाऱ्या संस्थेला शेजारच्या क्षेत्रातील एक वाहिनी बंद पडल्याचे वेळीच कळले नाही. तिच्या संगणकातील चित्र वस्तुस्थितीपासून दूर राहिले. त्या दिवशी बिघडलेल्या अनेक गोष्टींपैकी ही एक. अमेरिका व कॅनडातील सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले.

आपल्याकडे ३० व ३१ जुलै २०१२ रोजी तसाच प्रसंग आला. पहिल्या दिवशी उत्तर विभाग कोसळला. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य असे तीन विभाग कोसळले. चौकशी समितीने नमूद केलेल्या कारणांत एक असे होते की, उत्तरेकडील राज्यांनी जादा वीज उचलणे कमी करावे आणि पश्चिमेकडील राज्यांनी आपला कमी उचल वाढवावा, या विभागीय केंद्रांच्या सूचनांना पुरेसा प्रतिसाद मिळाला नाही. म्हणजे आकडे समोर होते, पण ते पाळले गेले नाहीत. दक्षिण विभाग त्या दिवशी टिकून राहिला, कारण त्याची लय वेगळी होती. वेगळे राहणेच बरे, असे तेव्हा कोणास वाटले असेल तर त्यात आश्चर्य नाही.

तरीही अवघ्या सतरा महिन्यांनी, ३१ डिसेंबर २०१३ च्या रात्री, ७६५ किलोव्होल्टच्या रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिण विभाग उर्वरित देशाशी एका लयीत जोडला गेला. सुमारे दोनशे किलोमीटरची ही वाहिनी. आपल्या शेजारच्या दोन गावांच्या नावांनी ती ओळखली जाते, याचे मला अप्रूप वाटते. नव्या जोडणीवरून प्रारंभी थोडीच वीज सोडण्यात आली; लयीतील हेलकावे तपासत मर्यादा हळूहळू वाढविण्यात आली. आज उपग्रहाच्या घड्याळाशी जुळविलेली मापक यंत्रे दूरदूरच्या उपकेंद्रांतील स्थिती सेकंदाला अनेकदा नोंदवितात, आणि २००९ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय भारप्रेषण केंद्र पाचही विभागांवर लक्ष ठेवते.

एक निष्कर्ष नम्रपणे मांडतो. तार ओढण्यास पैसा लागतो. आपला आकडा शेजाऱ्यापुढे उघडा करण्यास मनाचा मोठेपणा लागतो. आपल्याकडे कमतरता किती, जादा किती, चूक कोठे झाली, हे सांगण्याची तयारी नसेल तर जाड तारही धोक्याचीच ठरते. वेगळे राहून मिळणारी सुरक्षितता अल्पकाळाची असते. जोडून घेऊन हिशेब न पाळणे त्याहून घातक. जुलै २०१२ ने दुसरी गोष्ट शिकविली, डिसेंबर २०१३ ने पहिली.

१९५६ ची रेषा आज जागच्या जागी आहे आणि तिच्याविषयी मतभेदही आहेत. पण त्या रेषेवर उभ्या असलेल्या मीटरचा आकडा दोन्ही राज्यांना मान्य असतो. गुरुजी आज असते, तर दोन्ही वह्या मागवून त्यांनी बेरीज तपासली असती, आणि मगच ते घरी गेले असते.