पटावरची संख्या आणि वाचणारा माणूस

खानेसुमारीच्या तक्त्यात शिक्षणासाठी एक रकाना राखून ठेवलेला असतो. वय, धर्म, व्यवसाय यांच्या शेजारचा हा रकाना वरवर पाहता अगदी साधा दिसतो. या माणसाला लिहिता-वाचता येते की नाही, एवढाच त्यातील प्रश्न. परंतु हा साधा प्रश्न कसा विचारावा, याविषयी सरकारला आपले मत अनेकदा बदलावे लागले आहे. शिक्षणखात्याच्या अहवालात शाळेच्या पटावरची संख्या असते आणि खानेसुमारीत लिहिता-वाचता येणाऱ्यांची. हे दोन आकडे एकमेकांशी सहसा जुळत नाहीत. एका मराठी ग्रंथालयाच्या शताब्दीच्या निमित्ताने या न जुळण्याचा इतिहास पाहणे अप्रस्तुत ठरू नये. कारण बडोदे संस्थानात गावोगावी जी मोफत वाचनालये निघाली, त्यांच्यामागे या दोन आकड्यांमधील अंतराचीच जाणीव होती.

आपल्या देशात शाळांची पद्धतशीर मोजदाद करण्याचा एक मोठा प्रयत्न मद्रास इलाख्यात झाला. तेथील गव्हर्नर सर थॉमस मन्रो यांनी १८२२ मध्ये जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती मागविली आणि १८२६ मध्ये तिचा निष्कर्ष नोंदविला. इलाख्यात १२,४९८ शाळा, त्यांत १,८८,६५० विद्यार्थी, आणि एकूण लोकसंख्या १,२८,५०,९४१. या आकड्यांचा अर्थ काय? सर्व लोकसंख्येशी भागाकार केला, तर दर अडुसष्ट माणसांमागे एक विद्यार्थी पडतो, म्हणजे अज्ञानाचा अंधारच. मन्रोसाहेबांनी मात्र छेद बदलला. पाच ते दहा वर्षे वयाचे मुलगे तेवढे हिशेबात घेतले, तेव्हा दर चार मुलग्यांपैकी एकाहून थोडे अधिक शाळेत जातात, असे दिसले. घरी शिकणारे मुलगे मिळविले, तर प्रमाण एक-तृतीयांशाच्या जवळ जाते, असा त्यांचा अंदाज होता. एकाच पाहणीतून एक अडुसष्टांश, एक चतुर्थांश आणि एक तृतीयांश अशी तीन उत्तरे निघाली, आणि तिन्ही आपापल्या जागी खरी होती. मुलींचा विचार करावयाचा झाल्यास चौथेही उत्तर निघाले असते, आणि ते जवळजवळ शून्य होते. आकडा ऐकला की तो कशाने भागला आहे हे आधी विचारावे, हा या विषयातील पहिला धडा होय.

दुसरा धडा खानेसुमारीने दिला. १७ फेब्रुवारी १८८१ रोजी झालेल्या देशव्यापी खानेसुमारीत शिक्षणाच्या दृष्टीने लोकांचे तीन वर्ग केले होते : शिकत असलेले, साक्षर आणि निरक्षर. १८९१ मध्येही हीच वर्गवारी ठेवण्यात आली. परंतु 'शिकत असलेल्यां'ची संख्या शिक्षणखात्याच्या पटाशी ताडून पाहिली, तेव्हा मोठी तफावत आढळली. कारण शोधता असे दिसले की, नुकतेच शाळेत घातलेले मूल घरची माणसे 'निरक्षर' म्हणून सांगत, आणि वरच्या वर्गातील विद्यार्थी 'साक्षर' म्हणून नोंदला जाई. अखेर १९०१ मध्ये हा मधला वर्ग काढून टाकण्यात आला. तरी 'साक्षर' कोणाला म्हणावे हा प्रश्न उरलाच. १९११ मध्ये त्यासाठी एक घरगुती कसोटी ठरविली गेली. ज्याला स्नेह्यास पत्र लिहिता येते आणि त्याचे आलेले उत्तर वाचता येते, तो साक्षर. या कसोटीत शाळेचे नावही नाही. माणूस किती इयत्ता शिकला हे न विचारता, शिकलेले त्याच्याजवळ आज शिल्लक आहे का, एवढेच ती विचारते.

या काळात देशाची स्थिती फार हलाखीची होती. १९०१ मध्ये दर शंभरांत जेमतेम पाच माणसे साक्षर होती. १९११ मध्ये ती सहाच्या घरात पोचली. पुरुषांत हे प्रमाण शेकडा साडेदहा होते, तर स्त्रियांत शेकडा एक. या सरासरीच्या आड कोण कोण लपले आहे, हे महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्येच हंटर आयोगापुढे मांडले होते. सरकारचा महसूल मुख्यत्वे कष्टकरी रयतेच्या श्रमातून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो, ही त्यांची तक्रार होती. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, अशी मागणी त्यांनी निवेदनात केली. ब्रिटिश सरकारने ती मान्य केली नाही. ती प्रत्यक्षात आणण्याचा पहिला मोठा प्रयोग एका देशी संस्थानात झाला.

श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यातील दहा गावांत सक्तीचे मोफत शिक्षण सुरू केले. आठ वर्षे अनुभव घेऊन १९०१ मध्ये ते सबंध तालुक्याला आणि १९०६ मध्ये सर्व संस्थानाला लागू केले. मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला दंड होई. शेतीच्या कामावरून मूल काढून शाळेत बसविणे गोरगरिबांना जड जात असे, हे खरे. पण दंडाची भीती आणि फीची माफी या दोहोंमुळे पट झपाट्याने भरले.

या पटांचे आकडे देशाच्या राजकारणात पोचविले ते नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी. १६ मार्च १९११ रोजी केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडताना त्यांनी १९०९ सालचे बडोद्याचे आकडे सभागृहापुढे ठेवले. शाळेत जाण्याच्या वयाच्या मुलग्यांपैकी बडोद्यात शेकडा ७९.६ शाळेत होते, तर ब्रिटिश मुलखात शेकडा २१.५. मुलींपैकी बडोद्यात शेकडा ४७.६, तर ब्रिटिश मुलखात शेकडा ४. प्राथमिक शिक्षणावर बडोदे सरकार दरडोई सुमारे साडेसहा आणे खर्च करी, तर ब्रिटिश सरकार सुमारे एक आणा. विधेयक अत्यंत सावध होते. जेथे ठराविक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात आहेत, तेथेच स्थानिक संस्थांना सक्ती करण्याची मुभा त्यात होती. तरीही मार्च १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. पुढे १९१७ मध्ये करवीर संस्थानात राजर्षी शाहू छत्रपतींनी सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात नगरपालिकांना तशी मुभा देणारा कायदा झाला. गोखल्यांचे बीज सर्वस्वी वाया गेले नाही.

आता याच बडोद्याचा दुसरा आकडा पाहावा. १९११ च्या खानेसुमारीत संस्थानातील साक्षरांचे प्रमाण शेकडा सुमारे दहा भरले, आणि स्त्रियांमध्ये शेकडा सुमारे दोन. दोन वर्षांपूर्वी निम्म्याजवळ मुली पटावर होत्या आणि खानेसुमारीत शंभर स्त्रियांमागे दोन साक्षर! यात कोणी खोटे बोलत होते असे नाही. पटावरची संख्या ही नदीच्या वाहत्या पाण्याची मोजणी आहे आणि साक्षरता ही तळ्यात साठलेल्या पाण्याची. सक्तीपूर्वी वाढलेल्या आज्या, आया, मावश्या या तळ्यात होत्याच. त्यांना कोणतीही शाळा आता बोलावणार नव्हती. नदी जोरात वाहू लागली, तरी तळे भरण्यास पिढी-दोन पिढ्या जाव्या लागतात.

परंतु तळे न भरण्याचे आणखी एक कारण होते, आणि ते अधिक चिंताजनक होते. तळ्याला गळती होती. १९२९ मध्ये सर फिलिप हार्टॉग यांच्या समितीने ब्रिटिश हिंदुस्थानातील प्राथमिक शाळांचा हिशेब मांडला. १९२२-२३ मध्ये पहिल्या इयत्तेत असलेल्या दर शंभर मुलांपैकी तीन वर्षांनी चौथ्या इयत्तेत अवघी अठरा उरली होती. बाकीची काही एकाच वर्गात रखडली होती. पुष्कळ शाळा सोडून शेतात, गुरांमागे किंवा घरकामात गेली होती. चौथीपर्यंत न पोचलेल्या मुलाला अक्षरओळख होते, पण ती टिकत नाही. घरात पुस्तक नाही, गावात वर्तमानपत्र नाही, पत्र वर्षातून एखादे. काही वर्षांत हा मुलगा पुन्हा अंगठा उठवू लागतो. पटावर त्याची नोंद झाली, त्याच्यावर पैसा खर्च झाला, आणि खानेसुमारीत तो निरक्षरच राहिला.

सयाजीराव महाराजांची दूरदृष्टी येथे प्रकर्षाने जाणवते. शाळेने दिलेले अक्षर शाळेबाहेर जगले पाहिजे, आणि त्यासाठी गावात पुस्तक पाहिजे, हे त्यांनी ओळखले. अमेरिकेच्या प्रवासात तेथील मोफत सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी पाहिली होती. १९१० मध्ये त्यांनी विल्यम अलान्सन बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास पाचारण केले. मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, आणि महाराजांच्या स्वतःच्या संग्रहातील ग्रंथ त्याला मिळाले. स्त्रियांसाठी व बालकांसाठी स्वतंत्र विभाग निघाले. ज्या गावी वाचनालय नव्हते तेथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरू लागल्या. चरोतरात मोतीभाई अमीन यांनी १९०६ पासूनच मित्रमंडळाची वाचनालये सुरू केली होती; त्या लोकप्रयत्नाला आता संस्थानाची जोड मिळाली. ग्रामस्थांनी एक हिस्सा रक्कम जमवावी, पंचायतीने तेवढीच द्यावी आणि सरकारने तेवढीच भर घालावी, अशी ही योजना होती. तिच्या बळावर शेकडो गावांत वाचनालये निघाली. १९१२ पासून 'लायब्ररी मिसेलनी' हे ग्रंथालयविषयक नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघू लागले. पुढे 'श्री सयाजी साहित्यमाले'तून गुजरातीबरोबर मराठी पुस्तकेही प्रसिद्ध झाली. वाचायला शिकविल्यावर वाचायला काय द्यावयाचे, हा प्रश्न शासनाने आपला मानला, हे या सर्व खटाटोपाचे मर्म होय.

स्वातंत्र्यानंतर प्रश्नाचे आकारमान बदलले, स्वरूप मात्र तेच राहिले. १९५१ मध्ये साक्षरता शेकडा १८.३३ होती आणि स्त्रियांत शेकडा ८.८६. चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांत, म्हणजे १९६० पर्यंत, मोफत व सक्तीचे शिक्षण द्यावे, असे घटनेच्या ४५ व्या कलमात म्हटले होते. ती मुदत टळली. गोखल्यांनी १९११ मध्ये मागितलेले सर्व देशासाठी प्रत्यक्षात येण्यास २००९ चा शिक्षणहक्क कायदा आणि १ एप्रिल २०१० ही त्याच्या अंमलाची तारीख उजाडावी लागली. मध्यंतरीच्या दशकांत प्रमाण वाढत होते, पण लोकसंख्याही वाढत होती. त्यामुळे शेकडेवारी चढती असूनही निरक्षरांची प्रत्यक्ष संख्या १९९१ पर्यंत वाढतच राहिली. ती प्रथम घटली २००१ मध्ये. २०११ च्या जनगणनेत सात वर्षांवरील लोकांत साक्षरता शेकडा ७३ भरली. पुरुषांत शेकडा ८१, स्त्रियांत शेकडा ६५ च्या आसपास. एका शतकापूर्वीच्या शेकडा एकाशी तुलना केली, तर स्त्रियांची ही मजल अभिमानास्पद आहे. तरीही स्त्रीपुरुषांमधील सोळा टक्क्यांचे अंतर विसरता येत नाही.

पटाच्या आकड्यांनीही या काळात गमतीचे रूप घेतले. काही राज्यांत पहिली ते पाचवीच्या पटाचे प्रमाण शेकडा शंभराहून अधिक येऊ लागले. कारण वयाने मोठी, रखडलेली मुले अंशात धरली जात आणि छेदात मात्र सहा ते अकरा वयाचीच मुले असत. शंभराच्या वर गेलेला आकडा अशा वेळी यशाबरोबर रखडल्याचीही साक्ष देतो. 'प्रथम' या संस्थेने २००५ पासून 'असर' नावाची ग्रामीण भागाची पाहणी सुरू केली, तीत मुलाच्या हाती मजकूर देऊन तो वाचून घेण्यात येतो. २०१८ च्या पाहणीत सहा ते चौदा वयाच्या शेकडा ९७ मुलांची नावे शाळेत होती. पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मात्र सुमारे निम्मीच भरली. मन्रो, गोखले आणि हार्टॉग यांच्या आकड्यांशी परिचय असणाऱ्यास हे नवे वाटणार नाही. नदीचे पात्र काठोकाठ भरले आहे. तळ्याची गळती थांबलेली नाही.

शिक्षणखाते पट मोजते, खानेसुमारी साक्षर मोजते. शाळा सुटल्यानंतर माणूस वाचत राहिला का, हे या दोन्ही दप्तरांत लिहिलेले नसते. ती नोंद ग्रंथालयाच्या देवघेवीच्या वहीत असते. कोणते पुस्तक कोणी नेले, किती दिवसांनी परत आणले, दुसरे नेले की नाही, हे ग्रंथपाल वर्षानुवर्षे मुकाट्याने लिहीत आला आहे. शंभर वर्षांच्या अशा वह्या म्हणजे मराठी वाचकाची खानेसुमारीच होय. शताब्दीच्या वर्षी सभासदांनी आणि आश्रयदात्यांनी त्या वह्या उघडाव्यात. नवीन नावे किती आली हे तर पाहावेच. परंतु कोणती नावे मध्येच थांबली, कोणत्या घरातून आजोबा येत होते आणि नातवंडे येत नाहीत, कोणत्या वस्तीतून आजवर एकही नाव आले नाही, हेही पाहावे. त्या प्रत्येक घरी एक पुस्तक पोचविणे हे काम खानेसुमारीच्या आवाक्यातले नाही. ग्रंथालयाच्या आवाक्यातले मात्र निश्चित आहे. पुस्तकांच्या पेट्या गावोगावी पाठविणाऱ्या त्या पिढीचे ऋण फेडण्याचा याहून सरळ मार्ग दुसरा नसेल.