कारण : गांजा

आमच्या बोरगाव मेघ्याच्या घरी परसात अंबाडी असायची. अम्मी तिची भाजी करायची, वर लसणाची फोडणी, सोबत ज्वारीची भाकर. एकदा नागपूरहून आलेल्या पाहुण्याने ती पानं पाहिली आणि आवाज खाली आणून विचारलं, "भाभी, हे गांजाचं झाड तर नव्हे?" बाकीचे हसले. अम्मी हसली नाही. आमच्या घरात हा शब्द हसण्यावारी जात नसे.

पाहुण्याची चूक समजण्यासारखी होती. अंबाडीच्या शास्त्रीय नावातच 'कॅनाबिनस' आहे, म्हणजे गांजासारखी. पान तसंच बोटं पसरल्यासारखं. पण नशा एकात, भाजी दुसऱ्यात.

गांजाचं झाड नर आणि मादी असं वेगवेगळं असतं. गांजा होतो तो मादी झाडाच्या फुलोऱ्याचा. नर शेतात राहिला तर बी धरतं आणि माल हलका होतो, म्हणून तो आधीच उपटून टाकायचा. ही पारख सोपी नाही. बंगालात नौगाव भागात, जो आता बांगलादेशात आहे, या कामासाठी पोद्दार नावाचे खास जाणकार शेताशेतांतून फिरत. तिथे तुरे पायाखाली तुडवून चपटा गांजा करत, किंवा पायानेच वळून गोल गांजा. 1917 साली तिथल्या शेतकऱ्यांनी चक्क गांजा उत्पादकांची सहकारी संस्था काढली. सहकाराचं कौतुक फक्त उसालाच असतं असं आपण उगाच समजतो.

आपल्याकडचं काय? मुंबई इलाख्यात गांजाचं नाव निघालं की अहमदनगर जिल्हा, म्हणजे आजचा अहिल्यानगर, आठवायचा. मध्य प्रांतात हे पीक निमाडात खंडव्याच्या आसपासच काढायची मुभा होती. तीही परवानाधारक शेतकऱ्याला. पावसाळ्यात पेरायचं, दिवाळीनंतर कापायचं, तुरे उन्हात वाळवून तुडवायचे आणि माल सरकारी गुदामात आणून टाकायचा. तिथे वजन, तिथे नोंद, आणि तिथून परवान्याच्या दुकानांत. वर्धा जिल्हा 1862 साली नागपुरातून वेगळा झाला, 1867 पर्यंत भुसावळहून नागपूरपर्यंत रेल्वे आली. आमच्याकडचा चिलीमवाला निमाडचं पीक ओढत होता आणि प्रत्येक झुरक्याला सरकारच्या तिजोरीत काहीतरी पडत होतं. परसात झाड लावणारा सरकारच्या दृष्टीने चोर होता, कारण तो कर बुडवत होता. नशा केली म्हणून नव्हे.

1893 च्या मार्चमध्ये हा प्रश्न लंडनच्या पार्लमेंटात गेला. हिंदुस्थानातली वेड्यांची इस्पितळं गांजाने भरली आहेत, अशी तिथल्या मद्यपाननिषेधवाल्यांची खात्री होती. जुलैत सरकारने आयोग नेमला. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. एकूण सात सभासद, त्यांत तीन हिंदी. त्यांनी 1,193 साक्षी घेतल्या. डॉक्टर, कलेक्टर, मिशनरी, शेतकरी, बैरागी, फकीर, सगळे. 1894 साली अहवाल आला. बेताने घेणाऱ्याला फारसा अपाय होत नाही, अति करणाऱ्याला होतो, सरसकट बंदी नको, पण लागवड परवान्याखाली आणा आणि कर बसवा, असं त्याचं सार. राजा शशिशेखरेश्वर रॉय आणि लाला निहालचंद या दोन हिंदी सभासदांनी आपली वेगळी मतं जोडली. गोऱ्यांनी सौम्य बोलावं आणि आपल्यांनी हरकत घ्यावी, हे मला वाचताना गमतीचं वाटलं. पण झळ ज्याच्या घराला लागते तो वेगळं बोलणारच.

त्या अहवालातलं एक प्रकरण मी पुनःपुन्हा वाचलं. 1892 सालात देशभरच्या वेड्यांच्या इस्पितळांत 1,344 रुग्ण दाखल झाले. त्यांतल्या 222 जणांच्या नावापुढे वेडाचं कारण गांजा, भांग किंवा चरस असं लिहिलेलं होतं. आयोगाने एकेका रुग्णाची चौकशी केली, घरच्यांना, गावच्यांना विचारलं. उरले 98. त्यांतही 37 जणांना दुसरी कारणं होतीच. मग बाकीच्यांपुढे गांजा कुणी लिहिला? बहुतेक वेळा माणसाला आणून सोडणाऱ्या पोलिसाने. कागदावर कारणाचा रकाना होता, तो मोकळा ठेवून चालत नव्हतं.

आता अम्मी का हसली नाही ते सांगतो. माझा मामू गांजा ओढायचा. 1983 साली, मी चौदा वर्षांचा असताना, त्याने परसात गोठ्यामागे दोन झाडं वाढवली होती. तुरे खुडून बारदानावर सावलीत वाळवायचा, तळहातावर चोळायचा. संध्याकाळी तकियावर जाऊन बसायचा. नशा हराम आहे हे तिथे बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. इब्न तैमिय्यासारख्या आलिमांनी सातशे वर्षांपूर्वीच भांगेवर कडक लिहून ठेवलंय, तरी फकिराची चिलीम विझली नाही, तशी साधूचीही नाही. मामूचं हळूहळू बिघडत गेलं. रात्री उठून तो अंगणात कुणाशीतरी बोलायचा. अब्बांनी त्याला इस्पितळात नेलं. टेबलामागच्या माणसाने विचारलं, "गांजा ओढतो का?" अब्बा म्हणाले, हो. त्याने रकाना भरला. पुढचा प्रश्न त्याने विचारलाच नाही.

मामू तिथून परतला नाही.

मग 1985 चा कायदा आला, 14 नोव्हेंबरपासून लागू झाला. 1961 च्या आंतरराष्ट्रीय करारात भारताने पंचवीस वर्षांची मुदत मागून घेतली होती, ती संपत आली होती. करारात आणि कायद्यात फुलोरा म्हणजे गांजा, नुसती पानं नव्हेत. म्हणून भांग सुटली आणि काही राज्यांत आजही ती परवान्याच्या दुकानात मिळते. झाड लावलं तर मात्र दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड. दोन झाडं असोत की दोन एकर, कलम तेच. 2020 च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला सर्वांत घातक पदार्थांच्या यादीतून 27 विरुद्ध 25 मतांनी काढलं, त्यात भारताचं मत काढण्याच्या बाजूने होतं. इथला कायदा आहे तिथेच आहे. मला तो सैल व्हावा असं म्हणवत नाही. मामूला मी पाहिलंय. पण दोन झाडांसाठी पोराला दहा वर्षं, हेही पटत नाही.

अहवाल वाचून झाल्यावर मी अम्मीला 1892 च्या त्या रकान्याची गोष्ट सांगितली. मामूच्या कागदावर काय लिहायला हवं होतं, असं विचारलं. ती बराच वेळ अंबाडी निवडत राहिली. मामूची मुलगी तापाने गेली, त्यानंतर वर्षभराने त्याच्या हातात चिलीम आली होती, हे तिने तेव्हा मला पहिल्यांदा सांगितलं.

"सव्वा वर्षाची होती," ती म्हणाली. "इस्पितळात कुणी विचारलंच नाही."

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)