ध्वनिमुद्रिका : अस्सल कीं नक्कल ?

१. सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं भिवंडींतील एक जुना वाडा पाडावयाचा ठरला, तेव्हां तेथील कागदपत्र पाहण्यास आम्हांस बोलावणें आलें. आम्ही त्या वेळीं शाळेंत संस्कृत शिकवीत होतों. माळ्यावर दोन वस्तु निघाल्या : कागदांचा एक रुमाल आणि ग्रामोफोनच्या तबकड्यांची एक लाकडी पेटी. रुमाल आम्हीं छातीशीं धरून टेमघरास आणिला. पेटीचें झांकणहि नीट उघडलें नाहीं. वाड्याच्या मालकांनीं विचारलें, "मास्तर, ह्यांचें काय करूं ?" आम्हीं उत्तर दिलें कीं, ह्या बाजारी नकला आहेत, ह्यांत इतिहास नाहीं. आठ दिवसांनीं पुनः गेलों, तों पेटी भंगारवाल्यानें नेली होती आणि अंगणांत एका फुटक्या तबकडीचा अर्धा तुकडा पडला होता. त्यावरील लेबलावर गाणाराचें नांव अर्धेंच उरलें होतें. रुमालांत निघाल्या त्या भाताच्या खंडींच्या नोंदी आणि कर्जाच्या पावत्या. त्याहि जपण्याजोग्या खऱ्या. पण तसे रुमाल आमच्या संग्रहीं पूर्वींच चार होते. तो तुकडा आमच्या मेजावर अद्याप आहे. प्रस्तुत लेख म्हणजे आम्हीं त्या दिवशीं दिलेल्या उत्तराची दुरुस्ती होय.

२. पूर्वपक्ष असा. हिंदुस्थानी गायन ही तत्क्षणीं उत्पन्न होणारी कला आहे. गवई समोरच्या श्रोत्यांचा कल पाहून राग वाढवितो किंवा आवरतो. तीच चीज आज एका रीतीनें आणि उद्यां दुसऱ्या रीतीनें मांडतो. तबकडींत यांपैकीं कांहींच नाहीं. तेथें दाद देणारा श्रोता नाहीं, रात्र चढत जाणें नाहीं, आणि फसलें तर पुनः गाण्याची सोय आहे. सबब बैठक हें अस्सल, तबकडी ही नक्कल. आणि अस्सल असतां नक्कल कोण विचारतो?

हा पक्ष आम्हीं स्वतः अनेक वर्षें हिरीरीनें मांडला. त्यांत दोष दोन. पहिला हा कीं, अस्सल हातीं नाहीं. बैठक उठली कीं ती संपली, मागें राहते ती ऐकणाराची आठवण. दुसरा दोष अधिक मूलगामी आहे. नक्कल म्हणावयाचें तर मूळ कागद समोर ठेवून ती उतरलेली असावी लागते. तबकडी कोणत्याहि बैठकीवरून उतरलेली नसते. ती त्या कर्ण्यापुढें, त्या तीन मिनिटांसाठींच गाइलेली असते. म्हणजे ती दुसऱ्या जातीचें अस्सलच ठरते. सूत्र हें भाष्याची नक्कल नव्हे, तसेंच हें. बैठक हें भाष्य, तबकडी हें सूत्र. ज्याचें त्याच्या जातीप्रमाणें वाचन झालें पाहिजे.

३. आतां हें साधन वाचावें कसें, तें पाहूं. ध्वनिलेखनाचें यंत्र एडिसननें १८७७ सालीं सिद्ध केलें आणि चपट्या तबकडीची युक्ति बर्लिनरनें १८८७ सालीं काढली. आपल्याकडे ग्रामोफोन कंपनीचे गैसबर्ग हे १९०२ सालीं कलकत्त्यास आले आणि त्यांनीं गौहरजान प्रभृतींचें गाणें उतरून घेतलें. आरंभीं येथें तबकड्या छापण्याचा कारखाना नव्हता. मूळ ठसे जर्मनींतील हॅनोव्हर येथें पाठवावे लागत. तेथील कारागिरांस ना भाषा ठाऊक ना गाणारीण. म्हणून गाणें संपतांच गौहरजान इंग्रजींतून आपलें नांव उच्चारीत असे. पुढें १९०८ सालीं कलकत्त्यास कारखाना निघाला, तरी नांव सांगण्याची चाल कांहीं काळ टिकली.

पोथ्या चाळणारांस ही गोष्ट अपरिचित वाटूं नये. पोथीच्या शेवटीं लेखक आपलें नांव, गांव आणि शक घालतो, ती पुष्पिका. पत्राखालीं उठतें तें मोर्तब. गौहरजानचें तें वाक्य म्हणजे मुखानें उठविलेलें मोर्तब होय. शिवाय तबकडीच्या मध्यभागीं, लेबलालगतच्या कोऱ्या पट्ट्यांत, ठशाचा क्रमांक कोरलेला असतो. लेबल मागाहून बदलूं शकतें, एकच गाणें निरनिराळ्या लेबलांखालीं पुनः निघूं शकतें. कोरलेला क्रमांक मात्र ज्या ठशाचा त्याचाच असतो. आमच्या संग्राहकांपैकीं बहुतेक जण लेबल वाचतात आणि क्रमांक सोडतात. हें म्हणजे वेष्टनावरील नांव वाचून पोथी न उघडण्यासारखें झालें.

४. साधनाच्या मर्यादाहि सांगितल्या पाहिजेत. १९२५ सालापर्यंत ध्वनिमुद्रणांत विजेचा उपयोग नव्हता. गवयानें कर्ण्यांत तोंड घालून उंच आवाजानें गावें, आणि त्या ध्वनीच्याच जोरानें सुईनें मेणावर रेघ ओढावी, अशी रीत होती. तंबोऱ्याची सूक्ष्म आंस तींत हरवे. दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारें तीन मिनिटांची. जो ख्याल बैठकींत घटकाभर चालावयाचा, त्याची विलंबित अंगें येथें गळाली. द्रुत चीज, तराणा, ठुमरी आणि नाट्यपद यांचें प्रस्थ वाढलें. यावरून त्या काळचे गवई आखूडच गात, असें कोणी अनुमान करील तर तें फसेल.

याहून फसवी बाब गतीची. ह्या तबकड्यांस आपण सरसकट मिनिटास ७८ फेऱ्यांच्या म्हणतों. परंतु आरंभींच्या काळीं ही गति सर्वत्र ठरलेली नव्हती. ७४ फेऱ्यांनीं कोरलेली तबकडी ७८ फेऱ्यांनीं वाजविली तर आवाज जवळजवळ अर्ध्या स्वरानें चढतो आणि लय शेंकडा पांचांहून अधिक वाढते. ऐकणारा म्हणतो, काय ही तयारी ! काय हा चढा सूर ! त्यांतील कांहीं भाग गवयाचा असतो आणि कांहीं यंत्राचा. गति न तपासतां रचलेलें गायकीचें वर्णन म्हणजे प्रक्षिप्त श्लोकावर लिहिलेलें भाष्य होय.

५. मग गवयाचा खरा कान कोठें शोधावा ? आमचें उत्तर असें कीं, बैठक आणि तबकडी ह्या दोन साक्षींस तिसरी साक्ष जोडावी : रंगमंचाबाहेर, फावल्या वेळीं, तो मनुष्य हातानें काय करीत होता ? ही साक्ष चरित्रकार विनोदापुरती घेतात. आम्ही तिला साधनाचा दर्जा देऊं इच्छितों.

अब्दुल करीम खांसाहेबांचें (१८७२-१९३७) उदाहरण घ्या. कैराण्यास जन्मलेले खांसाहेब पुढें मिरजेस स्थायिक झाले, आणि मिरज हें तंबोरे-सतारी घडविणारांचें गांव. खांसाहेबांस वाद्यें दुरुस्त करण्याचा मोठा नाद होता. तंबोऱ्याची घोडी घासून जवारी साधणें हें काम ते दुसऱ्यावर सोंपवून स्वस्थ बसणारे नव्हते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं बावीस श्रुतींवर १९१० सालीं इंग्रजींत पुस्तक प्रसिद्ध केलें, आणि त्यांच्या सहवासानें न्यायखात्यांतील अधिकारी क्लेमेंट्स यांनीं १९१३ सालीं आपला ग्रंथ लिहिला. ह्या दोघांच्या श्रुतिमापनास खांसाहेबांच्या गळ्याचें साहाय्य झालें. देवलांच्या सिद्धांतावर पुढें पुष्कळ वाद माजला. तो येथें आमचा विषय नाहीं. आम्हांस दिसतें तें इतकेंच कीं, उपजीविकेस आवश्यक नसतां हा गवई तारेची लांबी मोजणाऱ्यांजवळ बसत होता.

विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत ओडियन कंपनीनें खांसाहेबांच्या ज्या तबकड्या काढल्या, त्यांतील स्वराचा लगाव ऐकावा. तीन मिनिटांत राग किती मांडणार ? पण षड्जावर येऊन स्थिरावण्याची ती रीत तीन मिनिटांतहि लपत नाहीं. घोडी घासणाऱ्या हाताचा आणि त्या षड्जाचा संबंध आहे, असें आम्हांस वाटतें.

६. परदेशचें उदाहरण ताडून पाहतां हाच न्याय तेथेंहि लागतो. ज्यास रॉक संगीत म्हणतात, त्यांतील 'क्वीन' ह्या इंग्रज वाद्यवृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी (१९४६-१९९१) हा पारशी कुळांतला, झांझिबारास जन्मलेला, आणि आपल्या पांचगणीच्या शाळेंत शिकलेला. लहानपणीं त्यास टपालाचीं तिकिटें जमविण्याचा छंद होता. तें तिकिटांचें पुस्तक आज लंडनच्या टपाल संग्रहालयांत जपलें आहे. त्याचा सहकारी ब्रायन मे यानें १९६३ सालीं वडिलांच्या मदतीनें स्वतःची गिटार घडविण्यास घेतली, आणि तिच्या दांड्यास जुन्या शेकोटीच्या चौकटीचें लाकूड वापरलें. तीच गिटार त्यानें जन्मभर वाजविली. २००७ सालीं त्यानें खगोलशास्त्रांत डॉक्टरची पदवी मिळविली. शिवाय दोन चित्रें जोडून खोली दाखविणाऱ्या जुन्या छायाचित्रांचा तो नामांकित संग्राहक आहे. 'रोलिंग स्टोन्स' ह्या वृंदांतील बिल वायमन तर धातुशोधक यंत्र घेऊन शेतांतून जुनीं नाणीं हुडकीत हिंडे. आमच्या वाचकांस तो आपल्याच जातीचा वाटेल.

येथें एक भेद मात्र ध्यानांत ठेवावा. 'क्वीन'च्या १९७५ सालच्या 'बोहेमियन रॅप्सडी' ह्या गीतांत त्याच मोजक्या गळ्यांचे थरावर थर चढविले आहेत. तो मधला भाग रंगमंचावर गाणें शक्य नव्हतें. म्हणून जाहीर कार्यक्रमांत त्या वेळीं मुद्रित फीत लावीत. म्हणजे तेथें ध्वनिमुद्रिका हेंच अस्सल, आणि रंगमंचावरील गाणें ही तिची नक्कल. खांसाहेबांच्या बाबतींत नेमकें उलट वाटतें. यावरून 'अस्सल कोणतें ?' ह्या प्रश्नाचें सरसकट उत्तर नाहीं, हें सिद्ध होतें.

७. तबकडीचें आणखी एक कार्य आहे; तें म्हणजे हांक मारणें. कै. पं. भीमसेन जोशी (१९२२-२०११) यांनीं लहानपणीं गदगेस एका दुकानांत खांसाहेबांची तबकडी ऐकली, आणि असें आपणांस गातां आलें पाहिजे ह्या ध्यासानें १९३३ सालीं, वयाच्या अकराव्या वर्षीं, घर सोडलें. तबकडीनें हांक मारली. तिनें शिकविलें मात्र नाहीं. ग्वाल्हेर, कलकत्ता, जालंदर असा गुरूचा शोध करून अखेर ते खांसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे कुंदगोळास आले. म्हणजे सूत्र कानीं पडलें आणि भाष्यासाठीं गुरुगृहीं जावें लागलें. पुढें ह्याच भीमसेनांस मोटारीचें वेड लागलें. गांवोगांवच्या बैठकींस ते स्वतः गाडी हांकीत जात आणि यंत्राचे सूक्ष्म दोष आवाजावरून ओळखीत. कानाची शिस्त एकदां लागली कीं ती केवळ रागापुरती राहत नाहीं.

कुमार गंधर्व (१९२४-१९९२) यांची कथा याच्या शेजारीं ठेवावी. बालपणीं ते मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून हुबेहूब तसेंच गात. अखेर त्यांनाहि मुंबईस प्रो. बा. र. देवधर यांच्याकडे बसून विद्या घ्यावी लागली. १९४७ नंतर क्षयानें गाणें बंद पडलें, तेव्हां देवासला अंथरुणावर पडून ते माळव्यांतील स्त्रियांचीं गाणीं ऐकत राहिले, आणि बरे झाल्यावर त्यांचें गाणेंच पालटलें. तबकडीनें त्यांना दुसऱ्यांचा आवाज दिला. सक्तीच्या त्या विश्रांतींत ऐकलेल्या जिवंत गाण्यांनीं त्यांचा स्वतःचा दिला.

८. ज्यांची तबकडीच नाहीं, त्यांचें काय ? भास्करबुवा बखले (१८६९-१९२२) आणि अल्लादियाखां (१८५५-१९४६) ह्या दोघांचाहि आवाज आज ऐकावयास मिळत नाहीं. मग शिष्यांच्या मुद्रिकांवरून गुरूचें गाणें ताडावें लागतें. मूळ मातृका नष्ट झाल्यावर उपलब्ध प्रतींवरून पाठ निश्चित करणें, हें भांडारकर संस्थेनें महाभारताच्या कामीं १९१९ पासून १९६६ पर्यंत केलें, तेंच हें काम. फक्त प्रति कागदाच्या नसून लाखेच्या आहेत. अल्लादियाखांच्या शिष्या केसरबाई केरकर ध्वनिमुद्रणाविषयीं फार काटेकोर. तरी त्यांची साडेतीन मिनिटांची एक भैरवी १९७७ सालीं अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांवरील तबकडींत घातली गेली. दुसरें यान ५ सप्टेंबरला सुटलें, आणि बाई १६ सप्टेंबरला वारल्या. ती भैरवी सूर्यमालेच्या बाहेरच्या वाटेवर आहे. आणि त्यांच्याच काळच्या कित्येक तबकड्या आम्हीं भंगारांत घातल्या.

९. तात्पर्य, साक्षी तीन : बैठक, मुद्रिका, आणि गवयाचा फावला वेळ. पहिलीची आठवण ज्यांस आहे त्यांनीं ती तारीख-स्थळासह लिहून ठेवावी. बैठकींत लावून ठेवलेल्या फितींच्या गुंडाळ्या कित्येकांच्या कपाटांत आहेत. बैठक आणि मुद्रिका यांचा संगम तेथेंच आहे, आणि फीत लवकर नासते; म्हणून त्या प्रथम उतरून घ्याव्या. तबकड्या उभ्या ठेवाव्या, आडव्या रचूं नयेत. मद्यार्कानें त्या कधींहि पुसूं नयेत. लाख त्यांत विरघळते. लेबल, कोरलेला क्रमांक, कोणत्या गतीनें लावली आणि सूर कोठें मिळाला, इतकें टिपणांत असावें. फुटलेलीहि टाकूं नये. क्रमांक फुटत नाहीं.

टेमघरास आमच्या घरीं दिवसरात्र यंत्रमागांचा खटका ऐकूं येतो. पहांटे क्षणभर तो थांबतो, तेव्हां आम्ही चावी देऊन एखादी तबकडी लावितों. गेल्या कांहीं वर्षांत चाळीसेक जमल्या आहेत. मेजावरील तुकड्याच्या अर्ध्या नांवाशीं त्यांतील एकहि जुळली नाहीं. त्या तुकड्याचा क्रमांक मात्र शाबूत आहे. त्याच क्रमांकाची अखंड तबकडी ज्या कोणा सभासदांच्या संग्रहीं असेल, त्यांनीं कळविण्याची कृपा करावी. ऐकण्यास आम्ही स्वतः येऊं.